वाचनालयाच्या संकेतस्थळाला एचटीटीपीएस हवेच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ नव्याने उभारायचे ठरले असून, त्यासाठी आलेल्या दरपत्रकात ‘एसएसएल प्रमाणपत्र’ या नावाखाली वेगळी वार्षिक रक्कम लावलेली आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे संकेतस्थळ खरोखर त्याच पत्त्याचे आहे याचा डिजिटल दाखला, आणि पान एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, पाठवायचे तर तो लागतो. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ती वाचून दाखवल्यावर बहुतेकांचे म्हणणे असे पडले की, आपल्या संकेतस्थळावर पैशांचा व्यवहार होत नाही, वर्गणी अजूनही पावती फाडूनच घेतली जाते, तेव्हा साध्या एचटीटीपीवर भागत असताना एचटीटीपीएसचा खर्च कशासाठी करायचा. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने प्रत्येक रुपयाचा हिशेब मागावा, यात गैर काहीच नाही. तरीही तो निष्कर्ष मला पटलेला नाही, आणि हाच प्रश्न इतर वाचनालयांपुढे, शाळांपुढे व सहकारी संस्थांपुढेही येत असणार, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी नोकरी दूरध्वनी खात्यात झाली. ट्रंक कॉलच्या काळात दोन गावांमधले बोलणे मधल्या एक्स्चेंजमधून जात असे आणि जोडणी करून देणाऱ्या ऑपरेटरने मनात आणले तर ते त्याला ऐकू येत असे. एचटीटीपीवरून होणारी देवाणघेवाण आजही त्याच अवस्थेत आहे. वाचकाच्या मोबाईलपासून आपल्या सर्व्हरपर्यंत जाताना माहिती एसटी स्थानकावरच्या किंवा उपाहारगृहातल्या वाय-फायमधून, केबलवाल्याच्या जाळ्यातून आणि इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेतून जाते, आणि या प्रत्येक टप्प्यावर उघडलेले पान, शोधलेला शब्द आणि टाकलेला पासवर्डसुद्धा सरळ वाचता येतो. एचटीटीपीएसमध्ये हाच मजकूर कूटबद्ध होऊन, म्हणजे फक्त दोन टोकांनाच उलगडेल अशा सांकेतिक रूपात, जातो. मधल्या माणसाला वाचक कोणत्या संकेतस्थळावर गेला हे बहुधा कळते, पण तिथे त्याने काय पाहिले हे कळत नाही. (नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या एसएसएल या कूटबद्धतेच्या पद्धतीची जागा १९९९ पासून टीएलएस या नव्या पद्धतीने घेतली. दरपत्रकांत मात्र जुनेच नाव चालू आहे, त्याने कोणी गोंधळू नये.)

आता वाचनालयाच्या संकेतस्थळावर लपवण्यासारखे काय असते, हा प्रश्न. आमच्या नव्या संकेतस्थळावर ग्रंथसूचीत शोध घेण्याची आणि पुस्तक राखून ठेवण्याची सोय असणार आहे. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक शोधेल, एखादा मुलगा वडिलांच्या व्यसनावर काही मिळते का ते पाहील, कोणी नुकत्याच निदान झालेल्या आजाराबद्दल वाचू पाहील. देवघेवीच्या खिडकीवर बसणारे आमचे ग्रंथपाल कोणी काय नेले हे दुसऱ्या सभासदाला कधीही सांगत नाहीत, आणि लहान गावात या मौनाची किंमत फार मोठी असते. खिडकीवर पाळलेला हा नियम संकेतस्थळावर आपणच मोडणार असू, तर पैशांचा व्यवहार होत नाही हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय सभासद-नोंदणीच्या अर्जात नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक मागितला जाणार आहे. अशी माहिती घेणाऱ्याने ती जपण्यासाठी वाजवी सुरक्षा-उपाय केले पाहिजेत, असे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही सांगतो.

याहून मोठा, पण बैठकीत कोणीच न काढलेला मुद्दा मजकुरात होणाऱ्या फेरफाराचा आहे. वर्तमानपत्राच्या घडीत वाटेत कोणी जाहिरातीचे पत्रक सरकवले तर ते निराळा कागद म्हणून ओळखू येते. पण छापखान्यातून निघालेल्या अंकातील तुमच्या अग्रलेखाचेच शब्द वाटेत बदलले गेले आणि वाचकाला ते तुमचेच म्हणून मिळाले, तर? एचटीटीपीवर हे करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि ते झालेलेही आहे. मार्च २०१५ मध्ये चिनी शोधयंत्र बायडूशी जोडलेल्या संकेतस्थळांना चीनबाहेरून भेट देणाऱ्यांच्या पानांत वाटेतच एक कोड (संगणकाने पाळायच्या सूचना) घुसवण्यात आला आणि त्या लोकांच्या नकळत त्यांच्याच ब्राउझरकरवी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर मारा करण्यात आला. बायडूकडून येणारी ती माहिती कूटबद्ध नव्हती म्हणूनच हे जमले. त्याच वर्षी भारतातही एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या जोडणीवरून उघडलेल्या पानांत मूळ संकेतस्थळाने न घातलेला कोड आढळला होता. आमच्या पानावर उद्या वाचनालयाच्या नावाने एखादी फसवी जाहिरात किंवा देणगीसाठी भलताच क्यूआर कोड दिसला, तर तो वाटेत घुसवला गेला हे आम्ही कोणाला पटवून देणार? मजकूर वाटेत बदलला तर ब्राउझरच्या लक्षात यावे, ही एचटीटीपीएसची दुसरी कामगिरी आहे, आणि निव्वळ माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला तिची गरज बँकेइतकीच आहे.

मधला मार्ग म्हणून, फक्त लॉगिनचे पान सुरक्षित ठेवू आणि बाकीचे साधेच राहू देऊ, अशीही एक सूचना आली. हा प्रयोग जगातल्या मोठमोठ्या संकेतस्थळांनी करून पाहिलेला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाची, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायची एक छोटी प्रणाली प्रसिद्ध झाली आणि तिने दाखवून दिले की, पासवर्ड कूटबद्ध करून पाठवला तरी पुढच्या पानांबरोबर उघडी जाणारी, लॉगिन केलेले तुम्हीच हे सांगणारी ओळखखूण त्याच वाय-फायवरचा कोणीही उचलू शकतो आणि तुमच्या नावाने फेसबुक वापरू शकतो. त्यानंतर या कंपन्यांना संपूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर न्यावे लागले. आपण ती चूक पहिल्यापासून करण्याचे कारण नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी व्यवस्था डिसेंबर २०१५ पासून कोणालाही मोफत प्रमाणपत्र देते, आणि संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणाऱ्या पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते एका बटणावर बसवून देतात. कूटबद्धतेच्या बळात मोफत आणि विकतच्या प्रमाणपत्रात फरक नसतो. बसवण्याची मजुरी दरपत्रकात जरूर असावी, पण मग ती मजुरी म्हणूनच लिहावी. उलट साधे एचटीटीपी ठेवल्यास जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर अशा प्रत्येक संकेतस्थळापुढे ‘नॉट सिक्युअर’ असा शेरा दाखवतो, आणि तो पाहून माघारी फिरलेला नवा वाचक आपल्याला कळवायला येत नाही.

एचटीटीपीएस म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे, हेही मंडळाला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. फसवणूक करणाऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळते. एचटीटीपीएस असल्याचे दाखवणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा लोक भलता अर्थ काढतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारून ते काढून टाकले. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणाही चुकतात. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि ती रद्द करावी लागली. फार जुन्या फोनवर काही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, ही तक्रारही खरी आहे आणि आमच्या खेड्यांतील सभासदांच्या बाबतीत ती मला सर्वांत जास्त बोचते. पण त्या मोजक्या सभासदांसाठी दूरध्वनीवरून पुस्तक राखून ठेवण्याची सोय करता येईल. सगळ्यांचाच मजकूर उघडा ठेवणे हा त्यावरचा उपाय होत नाही.

खरी अडचण नूतनीकरणाची आहे. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. शिवाय ब्राउझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस अशी ठरली आहे. मुदत संपली की वाचकाला पानाऐवजी मोठा इशारा दिसतो. त्यामुळे हे काम कोणाच्या आठवणीवर न सोडता आपोआप होईल अशी रचना करणे, ती बंद पडल्यास कोणाच्या ई-मेलवर सूचना जाईल हे ठरवणे आणि जुन्या एचटीटीपी पत्त्यावर येणाऱ्यालाही सुरक्षित पत्त्याकडे वळवणे, या तीन अटी करारात लेखी असाव्यात, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. नवी सभासद-कार्डे छापायला टाकायची आहेत. त्यांच्यावरचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा असावा, हेही त्याच ठरावात घातले आहे.

आपला विश्वासू,
वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा एक सभासद,
जि. सातारा