परत गेलेला डबा

वसई, रविवार दुपार

प्रिय बाय,

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की दोन दिवस ताप होता पण शाळेत कुणाला कळूसुद्धा दिलं नाहीस. सिस्टरांनी कॉन्व्हेंटमधून पेजेचा डबा पाठवला, तो तू तसाच परत पाठवलास. स्वयंपाकाच्या मावशी रात्री सोबतीला येते म्हणाल्या, त्यांनाही दारातून वळवलंस. ‘उगाच कुणाला त्रास कशाला, आई? मी एकटी सगळं निभावते,’ म्हणालीस. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. रात्रभर झोप लागली नाही. पप्पा म्हणाले, परत फोन लाव. पण हे फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून देवळातून आले ती लिहायलाच बसले.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालून देतात. तू तर भरलेला परत दिलास गं!

मला माहीत आहे, तू कामाला मागे हटणारी नाहीस. जूनमध्ये तलासरीकडच्या त्या शाळेत रुजू झालीस, तेव्हापासून पहिलीच्या पोरांची शेंबडी नाकं पुसतेस, खिचडीच्या वेळी पंगतीत उभी राहतेस, सुट्टीच्या दिवशी पाड्यावर जाऊन कोण का येत नाही ते बघतेस. फादरही तुझं कौतुक करतात. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मला तुला 2011 सालची एक गोष्ट सांगायची आहे. त्यातली अर्धी तू पाहिलेली आहेस, पण तेव्हा तू चौथीत होतीस.

आमच्या शाळेत पवित्र गुरुवारच्या, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मुलांचे पाय धुण्याचा छोटा कार्यक्रम असायचा, हे तुला आठवत असेल. देवळात तेव्हा फादर बारा पुरुषांचेच पाय धूत. स्त्रियांना त्यात घ्यायची मुभा 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दिली. शाळेत मात्र आम्ही आधीपासून मुलीही घ्यायचो. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, ज्याची चिठ्ठी निघेल तो. त्या वर्षी धुण्याची पाळी माझी होती. पाणी आमच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींनी खिचडीच्या शेगडीवर कोमट करून दिलं आणि त्या स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

सातवा की आठवा मुलगा मिठागरावर कामाला आलेल्या कुटुंबातला होता. तिसरीत होता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे जवळजवळ रोज माझ्या लाल पेनाने ‘उशीर’ लिहिलेलं असायचं, आणि त्यासाठी मी त्याला कितीदा दाराबाहेर उभं केलं होतं. मी त्याचा पाय तांब्याखाली धरला. टाच उभी चिरलेली. भेगांच्या आत पांढरं मीठ सुकून बसलेलं, भिंतीला लोणा लागतो तसं. अंगठ्याच्या बाजूला जुनी जखम, तिला खपली धरायला सवडच मिळाली नव्हती. पाणी पडलं आणि त्याने पाय झटकन मागे घेतला. चुरचुरलं असणार. पण तो म्हणाला काय, तर ‘राहू दे टीचर, तुमचे हात घाण होतील.’ रोज अनवाणी बांधावरून किती चालून येत होता, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

मी त्याचे पाय नीट धुतले, पुसले, घरून आणलेलं खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी पप्पांनी त्याला चपला आणून दिल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण नंतर मी काय केलं ते ऐक. मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. स्टाफरूममध्ये, धर्मशिक्षणाच्या वर्गात, सणाला आलेल्या मावश्या-आत्यांना. सांगताना दर वेळी माझा गळा भरून यायचा आणि ऐकणारे म्हणायचे, टीचर, तुमचं मन किती मोठं. ते मला गोड वाटायचं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मग जुलै आला. शाळेच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, त्यावरून मी घसरले आणि उजव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पप्पा पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचे ते रात्री परत. तू लहान. आणि मला कुणाची मदत नको होती. शेजारच्या काकी आल्या, त्यांना म्हटलं सगळं झालंय. सिस्टर आल्या, त्यांच्यासमोर भिंतीला धरून उभी राहिले, हसून दाखवलं. त्या गेल्यावर तू मला पाणी आणून दिलंस आणि मी तुझ्यावरच खेकसले. ते तुला आठवू नये अशी माझी इच्छा आहे, पण आठवत असेल.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशी आल्या. दार लोटलेलं होतं, विचारलं नाही, सरळ आत. माझ्याकडे एकदा पाहिलं, चुलीवर पाणी ठेवलं, घमेलं आणलं आणि माझ्या पायाशी बसल्या. चार दिवसांची आंघोळ नव्हती, बाय. धड पायाला चिखल तसाच सुकलेला, दुसऱ्याची बोटं प्लास्टरमधून काळी होऊन बाहेर आलेली. मी पाय पदराखाली ओढला. म्हटलं, ‘नको मावशी, तुम्ही नका करू, मी करते.’ त्यांनी वर बघितलं. म्हणाल्या, ‘टीचर, तुम्ही पोरांचे पाय धुतलेत तेव्हा पोरं नको म्हणाली का? आणि एक म्हणाला, तर तुम्ही ऐकलंत का त्याचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशी देवळात कधी आलेल्या नव्हत्या. त्यांचं सगळं गावदेवीवर. योहानाच्या शुभवर्तमानातली पेत्राची गोष्ट त्यांनी ऐकलेली असणं शक्य नाही, आणि मी ती पंचवीस वर्षं मुलांना शिकवत होते. येशू पाय धुवायला वाकतो, सगळे गप्प बसतात, एकटा पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. मला वर्षानुवर्षं वाटायचं की पेत्र किती नम्र! येशू त्याला काय म्हणतो? मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मी हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं वहीत उतरवायची. त्या दुपारी घमेल्यात पाय घालून बसले, तेव्हा त्यातला ‘वाटा’ हा शब्द मला पहिल्यांदा कळला. पाय मागे घेणारा माणूस पंगतीतून उठून जातो. कुणी त्याला उठवलेलं नसतं.

मावशींनी बोटांच्या बेचक्यातला मळ नखाने काढला, आपल्याच पदराने पाय पुसला आणि जाता जाता म्हणाल्या, ‘उद्या केस धुऊ.’ सहा आठवडे त्या येत राहिल्या. तेव्हा त्यांना किती मानधन होतं माहीत आहे? महिन्याला हजार रुपये, तेही वर्षाचे दहाच महिने. ती बाई स्वतःच्या घरचं चुलीवर ठेवून माझ्याकडे यायची, आणि तोवर मला त्यांच्या मुलांची नावंही धड माहीत नव्हती.

आणि मुलं! वर्गावर दुसऱ्या टीचर जात होत्या, तरी पोरांनी पाठकोऱ्या कागदांची वही शिवून आपली वेगळी हजेरी सुरू केली होती. प्लास्टर निघाल्यावर मी शाळेत गेले तर ती वही माझ्या टेबलावर. सगळ्या मुलांची नावं, आणि सर्वांत खाली ‘टीचर’. त्यापुढे रोज लाल पेनाने ‘गैरहजर, गैरहजर, गैरहजर’. लिहिणारा कोण असेल ते तू ओळखलंस. त्याने मला वर्गाच्या यादीतच धरलं होतं. ती वही माझ्या कपाटात आहे, बायबलच्या शेजारी. नाताळात आलीस की दाखवते.

त्यानंतर मी बदलले असं मी म्हणणार नाही, सवयी सहज जात नाहीत. पण एक गोष्ट केली. पोषण आहाराचा नियम तुला ठाऊक आहेच: मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं, आणि वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची. मी वर्षानुवर्षं चव न घेताच ‘उत्तम’ लिहून सही ठोकत होते. ऑगस्टपासून मी ताट घेऊन पंगतीतच बसायला लागले. मुलांच्या मधे, जमिनीवर, मोडका पाय लांब करून. मावशी मला वाढायच्या. मटकी कमी शिजली असेल तर मी त्यांना सांगायचे, आणि माझा आवाज वर्गात चढला असेल तर त्या मला सांगायच्या. तिथे बसूनच कळायला लागलं की कुणाच्या घरी रात्री चूल पेटली नव्हती, कोण अर्धी खिचडी डब्यात भरून धाकट्या भावाला नेतं, कोण कुणाला आपल्या ताटातला वाटाणा देतं. स्टाफरूमच्या खिडकीतून यातलं काही दिसत नाही.

पुढे पट घसरायला लागला. सगळ्यांना इंग्रजी माध्यम हवं. मुलं कमी झाली तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरायचे. मे महिन्याच्या उन्हात आम्ही दारोदार फिरायचो: तुमचं लेकरू आमच्याकडे द्या. मुख्याध्यापिका झाल्यावरही मी फिरले. काही ठिकाणी ओटीवरच उभं ठेवायचे. पण मिठागराच्या बाजूच्या वस्तीत मावशी सोबत असल्या की दार उघडायचं, पाणी यायचं, खाट पुढे ओढली जायची. माझ्या पदवीपेक्षा त्यांच्या ओळखीने जास्त मुलं आणली.

2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. सगळे पोपच्या नम्रतेबद्दल बोलत होते, आणि ती होतीच. मी मात्र टीव्हीसमोर बसून त्या पोरांकडे बघत होते. सगळ्या जगासमोर आपला पाय त्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, त्यांना किती जड गेलं असेल!

आता तुझ्याकडे येते. तू म्हणालीस, वारली पोरं आपसात काय बोलतात ते अर्धं कळत नाही, आणि ती तुझ्या ‘पुस्तकी’ मराठीला हसतात. बाय, हसू दे, आणि त्यांनाच विचार. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया काय होता? फादर नव्हता, फ्रान्सिस्कनांमधला साधा ब्रदर होता. जपानमध्ये त्याचं काम दुभाष्याचं. दुसऱ्याचं बोलणं लोकांपर्यंत पोचवायचं. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला, आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. आपण लहानपणापासून त्याच्या मरणाबद्दलच बोलतो. मला हल्ली वाटतं, त्या परक्या देशात त्याने भाषा कुणाकडून शिकली असेल? बाजारातल्या माणसांकडूनच ना? किती वेळा चुकला असेल, किती जण हसले असतील. तू पहिलीच्या पोरांची विद्यार्थिनी हो. रोज एक शब्द त्यांच्याकडून घे, फळ्यावर लिही, उच्चार चुकला तर त्यांना दुरुस्त करू दे. ज्याने आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नाही त्या पोराने टीचरला शिकवलं, हे तो घरी जाऊन सांगेल.

आणि सिस्टरांना आजच निरोप दे, की पेज हवी होती, मीच संकोच केला. बस एवढंच बोल, मोठी माफी-बिफी नको. त्यांना बरं वाटेल. तुझ्या खोलीच्या दारातून परत गेलेल्या मावशींचं काय चाललंय, त्यांच्या घरी कोण कोण आहे, ते विचार. तुझ्याबरोबरच्या दुसऱ्या टीचरना सांग की तुला चूल पेटवता येत नाही. येत नाहीच ना तुला! शिकवतील.

आगाशीहून यंदाची पहिली सुकेळी आली आहेत. केळीच्या सोपटात बांधून एसटीने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते आहे. थोडी स्टाफला, थोडी सिस्टरांना, आणि मावशींना स्वतः नेऊन दे. त्यांनी बदल्यात काही पुढे केलं, भाजी म्हण, सुकट म्हण, तर दोन्ही हातांनी घे.

थंडी पडायला लागली तसा माझा मोडलेला घोटा पुन्हा ठणकतो. पप्पांना तेल लावायला सांगितलं तर ते घाईघाईत उरकतात. नाताळात आलीस की दोन दिवस तू लावून दे. मी नको म्हणणार नाही.

तुझी,
आई