काळजी नको, दगड तिजोरीत आहेत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, जेवण वेळेवर चालू आहे; फोटोत बारीक दिसते ती त्या काळ्या स्वेटरमुळे. थंडीचं रडगाणं पुन्हा गात नाही.

फोनवर चंद्राच्या दगडांचं बोलल्यापासून बाबांचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून नीट सांगते. इथे अमेरिकेत नासा शाळांना चंद्राचे दगड उसने देते. खरेखुरे. १९६९ ते १९७२ मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या ३८२ किलोंतले. शिक्षकाने आधी त्यांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग अर्ज करायचा, की थोड्या दिवसांसाठी दगड चक्क रजिस्टर पोस्टाने दारात! भाडं एक छदाम नाही. आणि एवढ्या बिनधास्तपणे धाडलेली वस्तू हातात आली की मात्र नजरेआड करायची नाही. वर्गात मी समोर हवीच, आणि रात्री दगड तिजोरीत. ही काय रीत, ते मला अजून उमगलेलं नाही.

नाही म्हणायला कारण आहे. २००२ साली ह्यूस्टनच्या नासा केंद्रातून तिथल्याच शिकाऊ पोरांनी सुमारे २७० किलोंची अख्खी तिजोरी पळवली, आत चंद्राचे दगड. विकायला गेले आणि सापडले. तेव्हा बाबा, ‘हरवलं तर पगारातून कापतील का’ हे विचारूच नका. हरवणार नाही.

आहे केवढं ते? सहा इंचांची पारदर्शक चकती, भाकरीहून लहान. आत तीन खडे आणि तीन प्रकारची माती, हात लावायची सोय नाही. एक माती नारिंगी आहे, अपोलो १७ वर गेलेल्या हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिकाला दिसलेली. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतले काचेचे बारीक मणी. पोरं तिच्यावरच झुंबड करतात. मी बघते तो बेसाल्ट. आपल्या जोत्याचाच काळा दगड की हो! मग लोणार काढलंच. म्हटलं, आमच्या मेहकराहून एसटीने जाता येतं, असल्याच दगडात उल्का आदळून पडलेलं सुमारे १.८ किलोमीटरचं विवर. आजीला सांगा, विवरातल्या कमळजा देवीचंही नाव घेतलं.

पैसे शुक्रवारी टाकलेत, या खेपेला जरा कमी. गाडीची काच बदलावी लागली. अपघात वगैरे काही नाही, थंडीने तडा गेला. घराचा हप्ता आधी भरा, मंडपवाल्याचं पुढच्या महिन्यात बघते.

ताईच्या लग्नाला मात्र जमत नाही. शाळा चालू असताना इतकी रजा देत नाहीत, आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे अडकले तर नोकरीच जायची. ताईला सांगितलं, ती ‘ठीक आहे’ म्हणाली. तिचं ‘ठीक आहे’ तुम्हाला माहीत आहे. शालू माझ्याकडून, किंमत बघत बसू नका.

आई, वाशिमच्या स्थळाला इतक्यात होही म्हणू नकोस आणि नाहीही. सुट्टीत आले की बघू. आणि करवली म्हणून कोणाला उभं करताय, तेवढं कळव.

तुमची,
बेबी