शेतीविस्ताराचा हिशेब शेतकऱ्यांसमोर मांडला जावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरीप हंगामपूर्व आढावा बैठकीची बातमी दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात आपल्या दैनिकात सविस्तर येते. बियाणे किती लागेल, युरिया आणि डीएपीचे आवंटन किती मंजूर झाले, पीककर्जाचे उद्दिष्ट किती ठरले आणि खताबरोबर नको ती उत्पादने शेतकऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांवर कारवाई करण्याच्या सूचना कोणी दिल्या, हा त्या बैठकीचा ठरलेला मजकूर असतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु गेल्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नवे काय शिकवले गेले, त्यातले शेतात किती उतरले आणि जे उतरले नाही ते का उतरले नाही, असा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात अद्याप आलेले नाही. (परंपरेने रब्बीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात रब्बीच्या आढाव्याला खरिपाच्या निम्मेही महत्त्व का मिळत नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) शेतीविस्तार, म्हणजे संशोधन केंद्रातील ज्ञान बांधापर्यंत पोहोचवण्याचे काम, याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, याविषयी काही विचार आपल्या वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात या कामासाठी असलेली एक व्यवस्था मला उल्लेखनीय वाटते. त्या राज्यात ७२ काउंट्या आहेत. काउंटी हा प्रशासनाचा घटक आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुतेक ठिकाणी त्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी असते. काउंटी बोर्डावर निवडून आलेल्या सदस्यांमधून तेथे शेती व विस्तार शिक्षण समिती नेमण्याची तरतूद राज्याच्या कायद्यातच आहे. विद्यापीठाने त्या काउंटीत नेमलेले विस्तार शिक्षक या समितीपुढे येऊन आपण काय केले ते सांगतात, पुढील कामाचा आराखडा मांडतात आणि खर्चाचा तपशील देतात. मका आणि दुधाच्या धंद्यापासून कुटुंबाच्या घरखर्चाच्या नियोजनापर्यंत आणि शाळकरी मुलांच्या ‘फोर-एच’ गटांपर्यंत सगळे विषय तिच्यापुढे येतात. त्या राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार बैठकीची सूचना किमान २४ तास आधी विषयांसह जाहीर करावी लागते आणि कोणीही नागरिक बैठकीला जाऊन बसू शकतो. शेजारच्या आयोवा राज्यात तर प्रत्येक विस्तार जिल्ह्यातील मतदार नऊ सदस्यांचे विस्तार मंडळ थेट मतदानाने निवडतात.

या समित्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपोआप मिळालेला नाही. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तेथे विस्तार कार्याची जी घडी बसवली, तीत केंद्र सरकार, राज्य आणि काउंटी अशा तिघांचाही पैसा पडतो. जिच्या तिजोरीतून पैसा जातो ती काउंटी साहजिकच विचारते की आमच्या पैशाचे काय झाले. आपल्याकडे सगळा पैसा वरून येतो, आणि म्हणून हिशेबही वरच जातो. कृषी सहायक मंडळ कृषी अधिकाऱ्याला अहवाल देतो, मंडळ अधिकारी तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, जिल्हा पुण्याच्या आयुक्तालयाला. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो शेतकरी या साखळीत फक्त लाभार्थी संख्येच्या रकान्यात येतो.

अमेरिकेतील शेती मोठी, शेतकरी थोडे आणि पैसा भरपूर, तेव्हा त्यांचे उदाहरण आपल्याला काय कामाचे, असे कोणी म्हणेल. आक्षेप अगदी गैरलागू नाही. मात्र तेथील विस्तार कार्याची सुरुवात सुबत्तेतून झालेली नाही. कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या सोंडकिड्याने टेक्सासमधील शेतकरी मेटाकुटीला आले असताना, १९०३ मध्ये टेरेल या गावी शेतीतज्ज्ञ सीमन नॅप यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिक घेतले. सरकारी फार्मवरचे पीक पाहून शेतकरी मान डोलावतो आणि घरी जाऊन आपलेच करतो, हे नॅप ओळखून होते. म्हणून जमीन शेतकऱ्याची, कष्ट शेतकऱ्याचे आणि सल्ला विस्तारकाचा, अशी वाटणी झाली, आणि सल्ला चुकून नुकसान झालेच तर ते भरून देण्यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी आधीच निधी उभा केला. सल्ल्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्या बाजूनेही उचलायची, हे तत्त्व तेथे पहिल्याच प्रात्यक्षिकात मान्य झाले होते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाचा प्लॉट निवडताना डांबरी रस्ता जवळ आहे ना, हे आधी पाहिले जाते. निविष्ठांची (बियाणे, खते, औषधे) पिशवी दिली जाते, फलक रोवला जातो, अक्षांश-रेखांशासह छायाचित्र निघते. सुगीच्या वेळी त्या प्लॉटचा उतारा शेजारच्या रानापेक्षा किती जास्त आला, हे गावाला जमवून मोजून दाखवल्याचे प्रसंग फारच विरळ.

आपल्या जिल्ह्यात संस्थांची वाण नाही, हे मुद्दाम नोंदवतो. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३० च्या दशकापासून चालू आहे. ज्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणाने कित्येक पिढ्या जगवल्या, तो मोहोळच्या केंद्रात निवड पद्धतीने तयार झाला. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. समित्यांचीही उणीव नाही. १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने कृषी समिती दिली. पुढे १९९८ मध्ये एक खिडकी योजनेत विस्ताराचे बहुतेक काम राज्याच्या कृषी विभागाकडे गेले आणि जिल्हा परिषदेच्या कृषी समितीकडे ठराविक योजना तेवढ्या उरल्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यानंतर तर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचाच कारभार होता, त्यामुळे तेवढा काळ निवडून आलेल्या सदस्यांची कृषी समितीच अस्तित्वात नव्हती. दुसरीकडे २००५-०६ मध्ये सुरू होऊन टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचलेल्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) या विस्तार योजनेत जिल्हा आणि तालुका पातळीवर शेतकरी सल्लागार समित्यांची स्पष्ट तरतूद आहे. आपल्या तालुक्याच्या या समितीवर कोण आहेत, हे आठवडा बाजारात दहा जणांना विचारून पाहावे. बहुतेकांना अशी समिती असते हेच ठाऊक नसते.

याचा परिणाम काय होतो, हे सांगोला तालुक्याने डाळिंबाच्या बाबतीत पुरेपूर भोगले आहे. तेल्या रोगाशी झगडत कशाबशा टिकलेल्या बागा पुढे मर रोग आणि खोडकिडा यांनी बसल्या. खोडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागत, छिद्राच्या तोंडाशी पिठासारखा भुसा साचलेला असे, आणि ते लक्षात येईपर्यंत झाडाची एक फांदी पिवळी पडून गेलेली असे. या किडीवर काय करावे याचे ज्ञान केगावच्या केंद्रात होते. पावसाळ्यात पाणी साचू न देणे, खोडाला गेरू, कीटकनाशक आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक यांचा लेप देणे, वाळलेली झाडे बागेच्या कडेला रचून न ठेवता जाळून टाकणे, या गोष्टी काही गुपित नव्हत्या. केगाव सांगोल्यापासून फार तर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. तरीही ज्या आठवड्यात झाड पिवळे पडले, त्या आठवड्यात आमच्या भागातील शेतकरी गेला तो तालुक्याच्या औषधाच्या दुकानात. एका दुकानाने एक औषध दिले, दुसऱ्याने दुसरे, तिसऱ्याने दोन्ही एकत्र करून ड्रेंचिंग करायला, म्हणजे झाडाच्या मुळाशी ओतायला सांगितले. झाडामागे दर ठरवून सल्ला देणारे खासगी सल्लागार निराळेच. उपटलेल्या झाडांचे ढीग बांधावर महिनोन्महिने पडून राहिले आणि त्यातली कीड शेजाऱ्याच्या बागेत गेली. बांधावरचा ढीग हटवायला कोणत्याही अनुदानाची गरज नव्हती. ती गोष्ट वेळेवर सगळ्या गावाला एकदम सांगणारे कोणीतरी हवे होते.

दुकानदारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. निदान ते रात्री नऊ वाजता फोन तरी उचलतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ मधील ५९व्या फेरीत असे दिसले होते की, शेतीविषयी माहितीसाठी सरकारी विस्तार कार्यकर्त्याचा उपयोग झालेली शेतकरी कुटुंबे देशात शेकडा सहाहूनही कमी होती, तर निविष्ठा विक्रेत्यांकडून माहिती घेणारी शेकडा तेरा. त्यानंतर मोबाइल आला, व्हॉट्सॲपचे गट आले, यूट्यूबवर सल्ल्यांचा पूर आला. यात दुकानदाराचे महत्त्व कमी झाले, असे निदान आमच्या भागात तरी दिसत नाही.

कृषी सहायकांवरही, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, सरसकट खापर फोडणे अन्यायाचे होईल. अतिवृष्टी झाली की पंचनामे, मग पीक विम्याच्या तक्रारी, पीक कापणी प्रयोग, ठिबकच्या प्रस्तावांची स्थळ तपासणी, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावरील कागदपत्रे आणि कोणाचे तरी ई-केवायसी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा या भागांत जो हाहाकार उडाला, त्या वेळी ही मंडळी चिखल तुडवत पंचनामे करत होती आणि ते करणे भागच होते. पण वर्षातील किती दिवस त्यांना खऱ्या अर्थाने विस्तारासाठी मिळतात, हा आकडा कोणत्या तरी समितीपुढे मांडला गेला पाहिजे. तो मांडला गेला तर गावकरीच उद्या म्हणतील की आमच्या माणसाला एवढी कागदे देऊ नका.

समितीपुढे असा हिशेब मांडण्याचा याहून मोठा लाभ वेगळाच आहे. रब्बी ज्वारीसाठी सप्टेंबरचा पाऊस रानातच मुरावा म्हणून वाफे पाडावेत, काणी हा बुरशीजन्य रोग येऊ नये म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळावे, या शिफारशी जुन्या आहेत आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील शेतकऱ्याला त्या माहीत नाहीत असे मुळीच नाही. तरीही वाफे पाडलेले रान क्वचितच दिसते. का? बैलजोड्या राहिल्या नाहीत, ट्रॅक्टरवाल्याला त्या आठवड्यात दुसरीकडे चांगला दर मिळतो, जमीन वाट्याने केलेली असेल तर पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसते, आणि ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत म्हणून मुळात त्या पिकावर फार खर्च करायला कोणी धजत नाही. ही कारणे मासिक प्रगती अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. ती फक्त समोरासमोर बसल्यावर बाहेर येतात, आणि ती शास्त्रज्ञाच्या कानावर गेली तरच पुढची शिफारस ट्रॅक्टरच्या भाड्याचा आणि मजुरीचा विचार करून होईल. जाणकारांनी सांगायचे आणि शेतकऱ्याने ऐकायचे एवढ्यावर विस्तार थांबला, तर तो अर्धाच राहतो.

शिक्षणाच्या बाजूविषयी थोडेसे. कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी दरवर्षी गावोगाव येतात. उत्साही मुले असतात. ग्रामपंचायतीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, सरपंचांसोबत फोटो होतो आणि ती जातात. याच मुलांना तालुक्याच्या शेतकरी समितीने एकेक खरा प्रश्न नेमून दिला, उदाहरणार्थ गावातील किती विहिरींचे पाणी क्षारयुक्त झाले आहे, आणि त्यांचा अहवाल पुढच्या बैठकीत वाचला, तर त्यांचेही शिक्षण होईल आणि गावालाही काही हाती लागेल.

यासाठी नवा कायदा नको की नवे महामंडळ नको. ‘आत्मा’ची तालुका शेतकरी सल्लागार समिती नियमात आहेच. तिच्या बैठका ठरलेल्या तारखेला आणि सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात, कार्यसूची आठवडाभर आधी पंचायत समितीच्या व ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावी आणि इतिवृत्तही तेथेच लावले जावे. सदस्यांची नावे पक्षाच्या कार्यालयातून न येता ग्रामसभेतून यावीत, आणि त्यांत खुरपणीपासून मळणीपर्यंत राबणाऱ्या महिला असाव्यात. ‘आत्मा’च्या मार्गदर्शक सूचना किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी वापरायला सांगतात, तो कोठे गेला हे विचारणाऱ्या निदान दोघी-तिघी तरी समितीत हव्यात. कृषी विज्ञान केंद्राचा किंवा केगावच्या केंद्राचा एक शास्त्रज्ञ प्रत्येक बैठकीला हजर असावा, आणि त्याने भाषण करण्याऐवजी आधी ऐकावे. बैठक तालुक्याच्या सभागृहातच घेण्याचेही कारण नाही. ती एकदा एखाद्या गावच्या समाजमंदिरात, एकदा बाजार समितीच्या आवारात घेता येईल. गोंधळ होईल, कोणी विम्याचे रडगाणे लावील, कोणी वीजबिलाचे. पहिल्या दोन-तीन बैठका तशाच जातील, त्याला इलाज नाही.

रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते. त्याआधी, ऑगस्टमध्ये, जिल्ह्यातील अकराही तालुक्यांत अशी एकेक खुली बैठक घेऊन गेल्या रब्बीतील प्रात्यक्षिकांचे उतारे गावनिहाय वाचून दाखवावेत, अशी जिल्हा प्रशासनाला आणि ‘आत्मा’च्या नियामक मंडळाला माझी जाहीर विनंती आहे. आपल्यालाही एक विनंती करतो. या बैठकांच्या तारखा जाहीर झाल्यास त्या आपल्या दैनिकात कांद्याच्या बाजारभावाशेजारी छापाव्यात, कारण ते पान आमच्या भागात सर्वांत आधी उघडले जाते.

आपला नम्र,
एक डाळिंब व ज्वारी उत्पादक शेतकरी
ता. सांगोला, जि. सोलापूर