ऑपरेशनला पैसे मिळतात, मग घरच्या आजारपणाला का नाही?

संपादकसाहेब, नमस्कार.

पत्र थोडं लांबलंय, पण जमलं तर छापा. माझा शाळेपासूनचा मित्र, गालाचा कॅन्सर. मागच्या वर्षी ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि नऊ दिवसात 3 लाख 40 हजार जमले, कोण पुण्यातून, कोण दुबईतून, एकाने तर बैल विकायला काढला होता त्याला आम्हीच थांबवलं. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. दिवाळीनंतर गाठ परत आली आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, त्रास कमी कसा होईल तेवढं बघायचं.

मी परत मेसेज टाकला. तीन आठवड्यात 11 हजार 300 रुपये. लोक वाईट नाहीत हो, हेच लोक होते, पण दोघातिघांनी फोन करून विचारलं, "आता उपयोग आहे का?" हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

उपयोग काय ते सांगतो. तो महिनाभर पलंगावर पडून आहे, पाठीला जखम व्हायला लागली म्हणून हवेची गादी भाड्याने आणली, तिची छोटी मोटर रात्रंदिवस चालू असते आणि लाईट गेली की गादी हळूहळू बसते, मग वहिनी आणि मुलगा दर दोन तासांनी त्याची कूस बदलतात. तोंडाने खाता येत नाही. नाकातल्या नळीतून मोठ्या सिरिंजने पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी द्यायचं, आधी उशी उंच करायची, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची, वहिनी हे सगळं नर्ससारखं शिकल्या. जखमेचं ड्रेसिंग रोज, डायपर, औषधं, आणि वहिनींचा शिलाईचा धंदा बंद. महिन्याला 22 हजारांच्या आसपास जातात आणि त्यातल्या एकाही पावतीवर कुठल्या हॉस्पिटलचा शिक्का नाही.

खरी अडचण इथंच आहे. महात्मा फुले योजना म्हणा, मुख्यमंत्री निधी म्हणा, दोन्हीकडून पैसे हॉस्पिटलला जातात. त्यात चूक काही नाही, ऑपरेशनला योजनेचा आम्हालाही आधार झाला. पण पेशंट घरी आला की गादीला, ड्रेसिंगला, नर्सच्या फेरीला कोण देणार?

मॉर्फिनच्या गोळीचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या, तीव्र वेदना कमी करणाऱ्या गोळीचं तर विचारूच नका. मंगळवेढ्यात ज्या ज्या मेडिकलमध्ये विचारलं तिथं ती नव्हती, एका ठिकाणी तर माझ्याकडे संशयाने बघितलं. गोळी स्वस्त आहे, अमली पदार्थांचा कायदाही 2014 ला बदलून अशा औषधांसाठी सोपा केलाय, तरी ती आणायला आमच्यातला एकजण एसटीने पुण्याला जातो, एक अख्खा दिवस मोडतो. पहिल्यांदा गोळी बारीक करून नळीतून दिली त्या रात्री तो सलग पाच तास झोपला. बोलता येत नाही म्हणून मुलाच्या पाटीवर लिहितो, सकाळी लिहिलं होतं, "झोप लागली." वहिनींनी ती पाटी दुपारपर्यंत पुसली नाही. उपयोग विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगतो.

केरळने 2008 सालीच अशा पेशंटच्या घरच्या सेवेसाठी धोरण केलं, तिथं ग्रामपंचायतीकडून नर्स घरी येते आणि गावातले लोक दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढतात. आपल्याकडे पुण्यात, मुंबईत चांगली मोफत केंद्रं आहेत, पण तालुक्यातल्या माणसाने काय करायचं? फुले योजनेत घरच्या सेवेचा खर्च धरावा आणि निदान उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळावं, एवढं आमच्या आमदारांनी सभागृहात मांडावं ही कळकळीची विनंती.

आम्ही आता एकरकमी मागणं बंद केलंय. 46 जण दर महिन्याच्या 5 तारखेला 500 रुपये टाकतात, पैसे थेट वहिनींच्या खात्यावर जातात, आणि दर रविवारी मी वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो, अगदी कापसाच्या बंडलापर्यंत हिशोब. यातून आता महिना भागतो. आणि ज्यांच्या घरी कुणाच्या आजारपणातली गादी, व्हीलचेअर, वॉकर माळ्यावर पडून असेल त्यांनी ती आपल्या गावातल्या अशा घरी नेऊन द्यावी. मागच्या गुरुवारी शेजारच्या गावचे एक काका टेम्पोत घालून त्यांच्या मिसेसची हवेची गादी घेऊन आले, धुवून, ऊन दाखवून, मोटरसकट. भाड्याची आम्ही त्याच दिवशी परत केली.

— एक वाचक, मंगळवेढा