भूतकाळाचं रूप आणि गेलेले दोन गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला इंग्रजी भूतकाळावरचा लेख वाचला. 'क्रियापदाचं दुसरं रूप म्हणजे होऊन गेलेली क्रिया' हे वाक्य त्यात तीनदा आलं आहे. याच वाक्यापायी माझ्या मुलीचे दोन गुण गेले, म्हणून लिहिते आहे.

सहामाहीच्या पेपरात तिने लिहिलं होतं, 'इट इज टाइम वुई वेंट होम'. बाईंनी 'वेंट'वर लाल काट मारली, वर 'गो' लिहिलं आणि समासात शेरा दिला, 'काळ चुकला'. वाक्य अगदी बरोबर होतं! 'आता घरी निघायला हवं' हे सांगताना इंग्रजीत तेच रूप येतं. 'आय विश आय न्यू', 'इफ आय हॅड टाइम' यांतही तेच. तिथे गोष्ट काल घडलेली नसते. ती प्रत्यक्षात तशी नाही, एवढंच ते रूप सांगतं. मी पेपर घेऊन भेटायला गेले, तर बाई म्हणाल्या, "पुस्तकात असा नियम नाही." मुलगी शेजारीच उभी होती. त्यानंतर तिने असं वाक्य पुन्हा लिहिलेलं नाही.

मराठी मुलांना हे कळणार नाही असं का धरून चालायचं? 'पाऊस आला तर खिडकी लाव' म्हणतो तेव्हा पाऊस आलेला नसतो. 'आलोच' म्हणणारा जागचा हललेलाही नसतो. आणि 'जरा विचारायचं होतं' यातलं 'होतं' निव्वळ अदबीचं, 'आय वॉन्टेड टु आस्क'सारखंच. ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला पाच मिनिटं लागतात.

आपली मुलं खरी अडखळतात ती 'काल मी गेलो होतो' याचं सरळ 'आय हॅड गॉन यस्टरडे' करतात तिथे. होऊन गेलेल्या दोन गोष्टींतली आधीची कोणती हे दाखवायचं नसेल, तर तिथे साधं 'वेंट' पुरतं. यावर लेखात एक ओळ नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या तक्त्यात 'वॉक'च्या दुसऱ्या रूपाचा उच्चार 'वॉकेड' छापला आहे. तो 'वॉक्ट' आहे. शेवटी वेगळा 'इड' ऐकू येतो तो 'वॉन्ट', 'नीड' अशा ट किंवा ड या ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदांना. निदान एवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात छापा. माझ्या मुलीने तो तक्ता कापून वहीत चिकटवला आहे.

आपली,
एक पालक