इंग्रजीचा वर्ग आणि सुटलेली बस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही पाटी मोशीतल्या आमच्या चौकात विजेच्या खांबावर कित्येक वर्षं लटकलेली आहे. येता-जाता ती दिसली की मला आमच्या शॉपफ्लोअरवर मशिन चालवणारे लोक आठवतात. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी २६ वर्षं क्वालिटीत आहे. ‘इंग्रजी शिकवायला आम्ही तयार आहोत, कामगारांनाच इच्छा नाही’ हे वाक्य मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेजारच्या चार कंपन्यांत विचारलं तरी थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं.

आमच्याकडे एक सेटर, म्हणजे कामाआधी मशिन नीट लावून देणारे, आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जुन्नरकडचे, आयटीआय झालेले. महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. अण्णांच्या पिढीला ते पाचवीत भेटलं आणि दहावीत सुटलं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशिनच्या स्क्रीनवर ‘लुब्रिकेशन लेव्हल लो’ असा अलार्म आला की अण्णा तो वाचत नाहीत. त्या अक्षरांचा आकार ओळखतात आणि ऑइलचा कॅन उचलतात. सतरा वर्षं त्यांचं काम असंच बिनचूक चाललं होतं.

२०१९ च्या मार्चमध्ये एका ग्राहक कंपनीचा ऑडिटर चेन्नईहून आला. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदीही. आमच्या धंद्यात आयएटीएफ १६९४९ हे गाड्यांच्या भागांच्या गुणवत्तेचं मानक पाळावं लागतं, आणि ऑडिट करणारा माणूस साहेबांच्या केबिनमध्ये बसून राहत नाही, मशिनवर उभ्या असलेल्याला थेट विचारतो. आदल्या महिन्यात एका लॉटमध्ये बोअरला, म्हणजे भागातल्या गोल भोकाला, आतून रेघा आल्या होत्या. त्या का आल्या, असं त्याने अण्णांना विचारलं. अण्णांनी मराठीत नीट सांगितलं : कूलंटचा, म्हणजे कापताना थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, नोझल सरकला होता, धातूचा कीस बोअरमधून धुऊन निघत नव्हता, तोच आत घासून रेघा पडल्या, इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, बदलून काही उपयोग नव्हता. शेजारी पंधरा दिवसांपूर्वी लागलेला ट्रेनी इंजिनिअर होता. एवढं सगळं ऐकून त्याने ऑडिटरला दोन शब्द सांगितले, ‘टूल प्रॉब्लेम’. ऑडिटरने आणखी काही विचारलं, अण्णा ‘येस सर’ म्हणाले. संध्याकाळी रिपोर्टात शेरा आला : ऑपरेटरला दोषाचं मूळ कारण माहीत नाही.

तो शेरा अण्णांनी माझ्याकडून मराठीत समजून घेतला. काही बोलले नाहीत, हात धुवायला गेले. जूनमध्ये इंग्रजीच्या वर्गाची नोटीस लागली तेव्हा यादीत पहिली सही त्यांची होती. इच्छा नाही म्हणणाऱ्यांना ती सही मी आजही काढून दाखवायला तयार आहे.

वर्ग फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर होता, साडेतीन ते साडेचार, आठवड्यातून दोन दिवस. कंपनीची बस पावणेचारला सुटते. म्हणजे वर्गाला थांबायचं तर बस सोडायची, मग हायवेवर उभं राहून शेअर रिक्षा बघायची. मंचर-नारायणगावच्या लोकांनी एसटीची वाट बघायची. पहाटे पाचला उठलेला माणूस, वर भाडं त्याच्याच खिशातून. शिवाय आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे तीन आठवड्यांतला एकच आठवडा वर्गाच्या वेळेशी जुळायचा. शिकवणारा मुलगा मनापासून शिकवायचा, पण त्याला मिळालेल्या पुस्तकात ‘मी आंबा खातो, मी आंबा खाल्ला’ हेच होतं. गणपतीच्या आधी परीक्षा झाली आणि मार्कांची यादी कँटीनच्या दारावर चिकटवली गेली. विशीतल्या ट्रेनी पोरांना पन्नासपैकी चाळीसच्या वर, अण्णांना नऊ. ज्यांना अण्णांनी मशिन लावायला शिकवलं, तीच पोरं हातात ताट घेऊन त्या यादीसमोर उभी होती. दुसऱ्या दिवसापासून अण्णा वर्गाला आले नाहीत. ३२ जणांनी नावं दिली होती, दिवाळीला ७ उरले. मीटिंगच्या वहीत नोंद झाली, ‘प्रतिसाद कमी’.

आम्ही क्वालिटीतले लोक मायक्रॉन मोजतो. भाषा यायला किती वेळ लागतो हे मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी स्वतःही नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेचा अंदाज असा, की अगदी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्याला त्यातल्या दुसऱ्या, ए-टू पातळीला पोचायला शिक्षकाबरोबर १८० ते २०० तास लागतात, आणि तिसऱ्या बी-वनला एकूण ३५० ते ४००. शिफ्टच्या हिशेबाने त्या परीक्षेपर्यंत अण्णांच्या वाट्याला जेमतेम १० तास आले होते. दहा तासांत कुणाला काय येणार? पण आपल्यालाच जमत नाही, आता वय झालं, अशी त्यांची आणि बाकीच्या चोवीस जणांची समजूत आम्ही करून दिली.

मध्ये कोरोना आला. २०२३ च्या जानेवारीत वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा मी हट्टाने त्यात पडलो. अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, शिफ्टच्या आत आणि पगारी. फर्स्टला असाल तर सुटण्याआधीचा अर्धा तास, सेकंडला असाल तर सुरुवातीचा. नाइटच्या आठवड्यात सुट्टी. प्रॉडक्शनचे साहेब अर्ध्या तासाच्या नुकसानीवरून आठवडाभर भांडले, आणि त्यांचं काही चुकत होतं असंही नाही, टार्गेट त्यांच्याच डोक्यावर असतं. शेवटी एका वेळी एका लाइनचे सहाच जण घ्यायचे यावर मिटलं. या वेळी शिकवायला बाई आल्या. त्यांना आधी दोन दिवस मशिनजवळ उभं केलं. कूलंट म्हणजे काय, लाल टॅग कशाला लावतात, हे त्यांना अण्णांच्या लाइनने शिकवलं. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मशिनच्या अलार्मची यादी, कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं त्याचा तक्ता), ग्राहकाचे तक्रारीचे मेल हाच अभ्यासक्रम केला. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर सरळ हिशेब मांडला : या वेगाने वर्षाला ५० तास होतील, म्हणजे १८० तासांना साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. मला धडकी भरली, आता सगळे उठून जाणार. एकही जण उठला नाही. खरं काय ते पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

परीक्षा नाही. ट्रेनिंग रूमच्या बाहेर एक छोटा फळा आहे, त्यावर फक्त झालेले तास लिहितात. शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या मशिनबद्दल एक मिनिट इंग्रजीत बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त बाईंना पाठवायचं. सहा महिन्यांनी बाईंनी प्रत्येकाला त्याचंच पहिलं रेकॉर्डिंग ऐकवलं. अण्णांनी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं. जानेवारीतल्या एका मिनिटात चार शब्द होते, बाकी नुसता मशिनचा आवाज. ‘हे पुसू नका,’ एवढंच म्हणाले, आणि त्याच दुपारी कॉम्प्रेसर बंद असताना कोपऱ्यात जाऊन नवीन रेकॉर्ड करून आले.

शिकलेलं वापरायला मिळालं नाही तर हुरूप टिकत नाही, हेही इथे लिहायला हवं. वर्षाअखेरीला बॅग आणि भिंतीवरचं घड्याळ वाटून काही होत नाही. ग्राहकाची तक्रार आली की आम्ही एट डी रिपोर्ट भरतो, कारण शोधून आठ टप्प्यांत करायचा तो अहवाल. त्यात टीम म्हणून इंजिनिअरांचीच नावं असायची. आता ज्याच्या मशिनची तक्रार त्याचं नाव टीममध्ये असतं आणि मूळ कारणाच्या दोन ओळी तोच सांगतो. गेल्या नोव्हेंबरच्या ऑडिटमध्ये अण्णांनी स्वतः उत्तर दिलं : ‘कूलंट नोझल शिफ्ट. चिप नॉट कमिंग आउट. आय स्टॉप मशिन, आय कॉल सुपरवायझर.’ व्याकरणाचं काय ते शाळामास्तरांनी बघावं. ऑडिटरने मान हलवून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

एक खबरदारी. इंग्रजीचे वर्ग घेतो म्हणून सुरक्षिततेच्या पाट्या आणि रसायनांच्या सूचना इंग्रजीत ठेवायची मोकळीक मिळत नाही. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमातच सांगितलं होतं. वर्गातसुद्धा अडलं की बाई मराठीत सांगतात, उत्तरेकडच्या पोरांना हिंदीत, आणि त्याने कुणाचं इंग्रजी बिघडलेलं मला दिसलं नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना अजून या वर्गात घेत नाहीत. त्यासाठी मी भांडतोय.

फळ्यावर काल ९७ चा आकडा होता. सहाच्या सहा जण अजून येतात. जूनमध्ये आपल्याकडे असा वर्ग सुरू करायचं ज्या मालकांच्या आणि एचआरवाल्यांच्या मनात असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की शिक्षक आणि पुस्तक ठरवण्याआधी आपल्या कंपनीची बस किती वाजता सुटते ते एकदा गेटवर विचारून घ्यावं.

आपला,
चाकण एमआयडीसीतला एक क्वालिटी सुपरवायझर
मोशी, पुणे