मुक्तिदिनी मुलांना काय सांगशील?

बेती, बार्देश

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

मुक्तिदिनाला शाळेतील मुलांना कोणाचे चरित्र सांगावे, असे तू परवा फोनवर विचारलेस. तेव्हा मी घाईत होतो, म्हणून आज सवडीने लिहितो. तू गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांचे सांग.

ते मूळचे सांगलीचे, खरे नाव मनोहर आपटे. १९५० नंतर ते गोव्यात आले आणि मराठीचे मास्तर झाले. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा लोकच वर्गणी काढून देवळाच्या अग्रशाळेत किंवा कुणाच्या पडवीत चालवीत; तुझ्या आजीचे ते वळणदार अक्षर अशाच एका पडवीत घडले. मुलांना बाराखडी गिरवायला लावणारा हा तरुण आझाद गोमंतक दल या पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या संघटनेचाही कार्यकर्ता होता.

ऑक्टोबर १९५५ मध्ये आपल्या बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना मांडवीपलीकडे आदिलशाही राजवाडा दिसतो ना, तेथेच तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या. राज्यकर्त्यांपासून अवघ्या एका नदीच्या अंतरावर हे धाडस केले गेले, हे आठवून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या तुरुंगात नेण्यात आले.

मात्र बाय, १९ डिसेंबर १९६१ या तारखेला गोष्ट संपवू नकोस. त्या दिवशी गोवा मुक्त झाला, परंतु रानडे परक्या देशात कैदीच राहिले. १९६३ साली गोवेकरांनी विधानसभेसाठी पहिले मतदान केले, १९६७ साली महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर जनमत कौल दिला. या दोन्ही वेळी, ज्यांनी त्या मतासाठी गोळी झेलली, ते तिकडे कोठडीत होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. आपले कवी तेलो मास्कारेन्यश तर १९७० पर्यंत तेथेच कैदेत होते.

गोवा मुक्त झाला ती आणि रानडे सुटले ती, या दोन तारखा फळ्यावर लिही आणि मधली वर्षे मुलांकडूनच मोजून घे. मुले काय म्हणाली ते मला सविस्तर कळव.

तुझा,
बाबा